रेल सरळ होती, बैठक नव्हती: घरी बांधलेल्या सीएनसी राउटरचं एक प्रकरण

राउटरची गँट्री, म्हणजे कापणारं टूल धरून रेलवर पुढे-मागे सरकणारी कमान, हाताने ढकलली की पहिले ७०० मिलिमीटर ती अलगद जायची, मग पुढच्या थोड्या अंतरात जड व्हायची आणि त्यानंतर पुन्हा हलकी. अडकत नव्हती, आवाजही करत नव्हती. पण ताणकाटा लावून ओढून पाहिली, तेव्हा त्या पट्ट्यात बाकीच्या लांबीच्या जवळजवळ तिप्पट जोर लागत होता. बॉलस्क्रू (गँट्री ढकलणारा आट्यांचा दांडा) आणि मोटर आधीच जोडली असती तर मोटरने तो फरक निमूटपणे ओढून नेला असता. आम्हाला तो कळला असता तो थेट सहा महिन्यांनी, रेलवर धावणाऱ्या गाड्यांमधले बॉल खराब झाल्यावर.

आमचं कोल्हापुरात फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे धातू ओतायच्या साच्याला आकार देणारे नमुने, करायचं छोटं शॉप आहे. भाऊ आणि मी मिळून चालवतो. लाकडी पॅटर्न अजून होतात, पण मागणी ॲल्युमिनियमच्या मॅचप्लेटला जास्त. एकाच प्लेटच्या एका अंगाला जॉबचा वरचा अर्धा भाग आणि दुसऱ्या अंगाला खालचा. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळल्या नाहीत तर ओतलेल्या जॉबवर पार्टिंग लाइनपाशी, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात तिथे, पायरी येते आणि माल परत येतो. हे काम बाहेर देऊन देऊन कंटाळलो आणि स्वतःचा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणारं मशीन, बांधायचं ठरवलं. ९०० बाय ६०० मिमीची चाल, २० साइजच्या लिनियर रेल, १०० बाय १०० बाय ५ च्या एमएस (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपची फ्रेम. दोन बाजूंचे बीम १३०० मिमी लांब, त्यांच्यावर १२ मिमी जाड आणि ६० मिमी रुंद पट्टी वेल्ड केलेली, आणि त्या पट्टीवर १२०० मिमीची रेल. दोन रेलमधलं अंतर ७०० मिमी.

या लेखात मी फक्त त्या ६० मिमी रुंदीच्या पट्टीबद्दल, म्हणजे रेलच्या बैठकीबद्दल लिहिणार आहे. मशीनच्या बाकीच्या सगळ्या भागांना मिळून जेवढा वेळ गेला, त्याहून जास्त वेळ या दोन पट्ट्यांनी घेतला.

आधी संशय रेलवर

गाडी जड झाली की पहिला संशय रेलवरच जातो. आम्हीही उजव्या बाजूच्या दोन्ही गाड्या काढून डावीकडे टाकल्या. फरक शून्य. मग उजव्या रेलचे सगळे बोल्ट पाव-पाव आटा सैल केले आणि गँट्री ढकलली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी हलकी गेली. बोल्ट आवळले की पुन्हा तीच जागा, तोच जडपणा.

यातून जे कळलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे. २० साइजची रेल हातात धरली की पोलादाचा भक्कम दांडा वाटतो. पण तिचा छेद जेमतेम २० मिमी रुंद आणि १७.५ मिमी उंच असतो, आणि तिला दर ६० मिमीवर एक एम-५ बोल्ट खाली खेचत असतो. बोल्ट नीट आवळला की एकेक बोल्ट चारशे किलोहून जास्त वजनाच्या जोराने रेल दाबतो. १२०० मिमीत असे २० बोल्ट. त्या जोरापुढे रेल स्वतःचा सरळपणा टिकवू शकत नाही. खाली जी बैठक असेल तिचा आकार ती घेते. दुकानातून आणलेल्या रेलची अचूकता सपाट, सरळ बैठकीवर बसवल्यावरच मिळते.

मग बैठक किती सपाट हवी? हायविन या रेल बनवणाऱ्या कंपनीच्या एचजी मालिकेत २० साइजला, हलका प्रीलोड (गाडीतले बॉल आधीच थोडे दाबून बसवणं) असेल तर, दोन रेलच्या समांतरपणातली चूक २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ठेवायला सांगितलेली आहे. दोन रेलच्या उंचीतल्या फरकाला मात्र ५०० मिमी अंतरामागे १३० मायक्रॉनची मुभा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. घरी मशीन बांधणारे बहुतेक लोक उंचीच्या मागे लागतात आणि समांतरपणाकडे, तसंच बैठकीच्या आडव्या उताराकडे दुर्लक्ष करतात. आम्हीही तेच केलं होतं.

अर्थात कॅटलॉगातली मुभा गाडीच्या आयुष्यासाठी आहे, कामाच्या अचूकतेसाठी नाही. एका बाजूच्या दोन गाड्यांमध्ये २०० मिमी अंतर आहे आणि बैठकीत तेवढ्या अंतरात २० मायक्रॉनचा चढ आहे असं धरा. गँट्री तेवढीच पुढे झुकेल. टूलचं टोक रेलपासून ३०० मिमी दूर असेल तर तिथे तोच दोष ३० मायक्रॉन होऊन उतरतो. मॅचप्लेटला हे चालून जातं, पण दोष टूलपाशी मोठा होऊन येतो हे हिशेबात धरावंच लागतं.

बैठक बिघडली कशी

वेल्डिंगनंतर मधोमध साधारण ०.६ मिमीचा झोल आला होता. पट्टी पाइपच्या वरच्या अंगाला वेल्ड केली, वेल्ड थंड होताना आकुंचन पावला, वरचं अंग आखूड झालं आणि दोन्ही टोकं वर उचलली गेली. टप्प्याटप्प्याने, आलटून-पालटून टाके मारले असते तर झोल कमी आला असता, पण पूर्ण गेला नसता.

पुढची चूक मोठी होती आणि ती आमचीच. फ्रेम मिलिंगला पाठवण्याआधी भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह करून, म्हणजे वेल्डने आत राहिलेला ताण काढून, घ्यायला हवी होती. अशा एमएसच्या वेल्डेड कामाला ६०० अंशांच्या आसपास तापवून, जाडीच्या हिशेबाने तेवढा वेळ मुरवून, भट्टीतच सावकाश थंड करतात. ऑर्डर तोंडावर होती म्हणून आम्ही तो टप्पा गाळला. मिलिंग करताना फ्रेम टेबलावर क्लॅम्पने आवळून बसवली गेली. म्हणजे तिच्यातला पीळ त्या वेळेपुरता दाबला गेला. कटर फिरला आणि पृष्ठभाग आरशासारखा सरळ झाला. मग क्लॅम्प सुटले. फ्रेम आपल्या मूळ पिळात परत गेली आणि जाताना तो सरळ पृष्ठभागही सोबत घेऊन गेली. शिवाय वेल्डने ताणलेल्या धातूचा वरचा थर निघून गेल्यामुळे आतला तोल बदलला, तो भाग वेगळाच.

हे क्लॅम्पचं प्रकरण इतक्या जणांच्या बाबतीत होतं की थोडं थांबून सांगतो. जॉब टेबलावर ठेवल्यावर तो कुठे टेकतो आणि कुठे उचललेला आहे, हे क्लॅम्प लावण्याआधी फीलरने (फट मोजायच्या पातळ पात्याने) बघायचं. जिथे फट असेल तिथे तेवढ्याच जाडीची पत्री सारायची आणि मगच क्लॅम्प आवळायचा. त्याहून उत्तम म्हणजे फ्रेमला खालून तीन पाय द्यायचे आणि मिलिंगला, मोजमापाला आणि शेवटी शॉपमध्ये उभी करतानाही त्याच तीन पायांवर ठेवायची. तीन बिंदूंवर ठेवलेल्या वस्तूला जमीन पीळ देऊ शकत नाही. आमच्या फ्रेमला चार पाय होते. नंतर आम्ही मागचे दोन पाय एका आडव्या पट्टीवर, मधोमध एका पिनवर टेकवून त्यांचे तीन करून घेतले.

मिलिंगनंतर हाती काय आलं? लांबीत मधोमध ०.१४ मिमीचा झोल. आणि उजव्या बीमवर, जिथे आतल्या बाजूने क्रॉस पाइप वेल्ड केला आहे नेमकं तिथे, ६० मिमी रुंदीत ४० मायक्रॉनचा आतल्या बाजूला उतार. गाडी जड होत होती ती हीच जागा. रेल तिथे आत कलत होती, आणि १५० मिमी उंचीच्या बाजूच्या प्लेटला त्याच हिशेबाने १०० मायक्रॉन आत यावंसं वाटत होतं. पलीकडची रेल मात्र तिला येऊ देत नव्हती.

एक दुपार आणि लेव्हल

पट्ट्यांना शिम (पातळ पत्र्या) लावून भागवायचा विचार आधी केला आणि लगेच सोडला. शिमवर रेल फक्त शिमपाशी टेकते, मधे पोकळ राहते आणि कटरचा जोर आला की तिथेच दबते. म्हणून इपॉक्सी ओतायचं ठरवलं. तत्त्व साधं आहे: बैठकीभोवती बांध घालायचा, पातळ इपॉक्सी ओतायचं, ते पाण्यासारखं आपोआप सम होतं आणि तसंच घट्ट होतं. दोन्ही बाजू एका पाटाने जोडल्या की दोन्ही बैठका एकाच पातळीत येतात. पृथ्वीची गोलाई मधे येते का, असं भावाने विचारलं होतं. हिशेब केला: १.२ मीटर लांबीत ती मायक्रॉनच्या शंभराव्या भागात, ०.०३ मायक्रॉनच्या आसपास येते. तो प्रश्न तिथेच मिटला.

पहिला ओत मे महिन्यात, सकाळी अकराला घातला. दोन दिवसांनी मोजलं तेव्हा दोन्ही बैठका लांबीत मधोमध ४० मायक्रॉनच्या वर खोल होत्या. द्रव सम झाला नाही, असं कसं होईल? आम्ही इपॉक्सीला दोष दिला, ढवळण्याला दिला, जमिनीला दिला.

उत्तर मिळालं ते उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडून. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी आयुष्यभर लेथचे बिडाचे बेड स्क्रेप केले, म्हणजे हाताने खरवडून सपाट केले आहेत. ते आले, फ्रेमकडे पाहिलंही नाही. वर पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माप कवा घेतलंसा? सकाळी का दुपारी?" आम्ही सांगितलं, जमेल तेव्हा. "मग आज दिवसभर एकच काम करा. लेव्हल ठेवा आणि बघत बसा."

आम्ही तसंच केलं. आमची लेव्हल मीटरला ०.०२ मिमीची, म्हणजे बुडबुडा एक रेघ सरकला तर मीटरमागे २० मायक्रॉनचा उतार. बैठकीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खुणा केल्या आणि सकाळी सातपासून दर तासाला दोन्ही ठिकाणी वाचन घेतलं. दुपारी तीनपर्यंत डाव्या टोकाला बुडबुडा सात रेघा उजवीकडे सरकला होता आणि उजव्या टोकाला जवळजवळ तेवढाच डावीकडे. फ्रेम एका बाजूला कलली असती तर दोन्हीकडे बुडबुडा एकाच दिशेला गेला असता. तो दोन्हीकडून मधल्या बाजूला आला होता. मधला भाग वर उचलला जात होता.

पत्र्याचं छप्पर तापतं, त्याची धग वरून बीमच्या वरच्या अंगावर पडते आणि खालचं अंग जमिनीच्या गारव्यात असतं. पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. सुमारे ११० मिमी खोलीच्या बीममध्ये वर-खाली फक्त २ अंशांचा फरक पडला तरी १.२ मीटर लांबीत मधोमध सुमारे ४० मायक्रॉनचा फुगवटा येतो. हाताला हे २ अंश जाणवतही नाहीत. सकाळचं माप आणि दुपारचं माप, दोन्ही खरी होती. त्या दोन वेळांना बीमच वेगळ्या आकाराचा होता.

आणि यातच पहिल्या ओताचं कोडं सुटलं. इपॉक्सीने आपलं काम चोख केलं होतं. पण ते घट्ट झालं भर दुपारी, बीम मधोमध वर उचललेला असताना. रात्री बीम परत सरळ झाला आणि वरचा सम पृष्ठभाग तेवढाच खाली वाकला. द्रव सम असतो हे खरं, पण तो ज्या क्षणी गोठतो त्या क्षणी खालचं लोखंड कोणत्या आकारात आहे, हे त्या द्रवाला माहीत नसतं. ते आपण बघायचं असतं. इपॉक्सी वापरण्यावर मी पुष्कळ वाचलं होतं, बांध कसा घालावा, बुडबुडे कसे काढावेत, सगळं. ही एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर आमचा मे महिना वाचला असता.

काठाची चढण

पहिल्या ओतात अजून दोन दोष होते. त्यातला एक असा, की तो नीट समजून घेतला तर कोणालाही पुन्हा होणार नाही.

माल वाचवायचा म्हणून आम्ही बांध ३५ मिमी रुंद ठेवला होता, २० मिमीच्या रेलला दोन्ही बाजूंना साडेसात मिमी जागा. ग्लासातलं पाणी काठाला जसं थोडं वर चढतं तसं इपॉक्सीही बांधाला चढतं. काठाशी ते दोन-तीन मिलिमीटर वर जातं हे दिसतं. मात्र ही चढण आत किती लांबपर्यंत पोचते ते दिसत नाही. तिचा उतार झपाट्याने कमी होतो, साधारण दर २ मिमीला एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो, पण आपला हिशेब मायक्रॉनमध्ये आहे. साडेसात मिमी आत गेल्यावरही तिथे साठ-सत्तर मायक्रॉन शिल्लक असतात. आम्ही रेलच्या रुंदीएवढ्या पट्ट्यावर आडवी सरळपट्टी ठेवली तेव्हा मधे नेमकी तेवढीच फट दिसली. रेल दोन काठांवर टेकली असती आणि बोल्ट तिला मधल्या पोकळीत ओढत राहिले असते. काठापासून १५ मिमी आत गेलं की तीच चढण एक-दोन मायक्रॉनवर येते. म्हणजे रेलच्या दोन्ही बाजूंना १५ मिमी सोडायलाच हवेत.

दुसरा दोष: दोन बाजूंना जोडणारा पाट २० मिमी रुंद आणि फक्त ३ मिमी खोल होता. पातळ थरातला प्रवाह खोलीच्या घनाच्या प्रमाणात असतो. खोली दुप्पट केली तर प्रवाह आठपट. ३ ऐवजी ८ मिमी खोल पाट केला तर तो एकोणीस पट वेगाने समतोल साधतो. आमचं इपॉक्सी सम होण्याआधीच जाड झालं आणि दोन बाजूंत ९० मायक्रॉनचा फरक राहिला.

दुसरा ओत

पहिला थर हीट गनने मऊ करून पटाशीने खरवडून काढला. त्यात दोन दिवस गेले आणि हातांना फोड आले. मग आम्ही थांबलो. घाईने एकदा नुकसान केलं होतं. मामांनीच सांगितलं की पाऊस लागू दे. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. दिवसा आणि रात्री तापमानात तीन-चार अंशांचाच फरक असतो आणि पत्रा तापतच नाही. लेव्हल ठेवून दोन दिवस पुन्हा वाचनं घेतली. बुडबुडा अर्धी रेघसुद्धा हलला नाही.

पावसाळ्याची अडचण म्हणजे दमट हवा. हार्डनरमधलं (इपॉक्सी घट्ट करणाऱ्या भागातलं) अमाइन हे रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून पृष्ठभागावर पांढरट, मेणचट साय आणतं. म्हणून ओतल्या-ओतल्या वर प्लॅस्टिकचा कागद ताणून झाकण केलं. तरी आलेली थोडी साय दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याने आणि फडक्याने पुसून काढली. ती न पुसता रेल ठेवली तर तो थर पुढे दबत राहतो.

या वेळी बांध पट्टीच्या अगदी कडेला घेतला, आत ५० मिमी मोकळी रुंदी. खोली ८ मिमी. पाटही ५० मिमी रुंद आणि तेवढाच खोल. बैठका ग्राइंडरने खरबरीत केल्या आणि ॲसिटोनने तीनदा पुसल्या. सगळं मिळून दीड लिटरच्या आत माल लागला. हार्डनर संथ घेतला. वजनकाट्यावर मोजून मिसळला, एका डब्यात ढवळून दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतला आणि पुन्हा ढवळला, कारण पहिल्या डब्याच्या कडांना न मिसळलेला माल चिकटून राहतो. रात्री दहाला ओतलं. वर आलेले बुडबुडे हीट गन दुरून, भरभर फिरवून फोडले. त्यानंतर शॉपचं दार लावून घेतलं आणि सकाळपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. जमिनीवरून चालणंसुद्धा द्रवाला हलवतं.

सात दिवस हात लावला नाही. मग पाट करवतीने कापून काढला. तो तसाच ठेवला तर आकसताना दोन्ही बैठकांच्या टोकांना ओढतो.

मिलिंग फुकट गेलं का, असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. नाही गेलं. इपॉक्सी घट्ट होताना थोडं आकसतं आणि जिथे थर जाड तिथे जास्त आकसतं. ०.१४ मिमीच्या फरकात हा दोष एक-दोन मायक्रॉनचा. ०.६ मिमीच्या फरकात तो मोजण्याएवढा झाला असता.

मोजणं आणि खरवडणं

लेव्हलखाली एक छोटा बिडाचा ठोकळा बसवला आणि त्याला २०० मिमी अंतरावर दोन पाय दिले. एक रेघ म्हणजे २०० मिमीत ४ मायक्रॉन. हा ठोकळा बैठकीवर पावलापावलाने पुढे नेला, मागचा पाय आधीच्या पुढच्या पायाच्या खुणेवर. त्याआधी मामांनी लेव्हल एकाच जागी उलटी-सुलटी फिरवून दाखवली. दोन्हीकडे एकच वाचन येईपर्यंत तिचा स्क्रू लावला आणि मगच आम्हाला हातात दिली.

डाव्या बैठकीची सहा पावलांची वाचनं अशी आली: ३, २, १, २, ३, ४ रेघा. सरासरी अडीच. ती वजा केली की सगळ्या फ्रेमचा सामायिक उतार निघून जातो. उरतं ते: अर्धा, उणे अर्धा, उणे दीड, उणे अर्धा, अर्धा, दीड. प्रत्येकाला चारने गुणून क्रमाने बेरीज करत गेलं की बैठकीचा खरा आकार मिळतो: ०, २, ०, उणे ६, उणे ८, उणे ६, ० मायक्रॉन. १२०० मिमीत सगळा मिळून १० मायक्रॉनचा फरक. उजवी बैठक १६ मायक्रॉनची निघाली. हा हिशेब वहीत पाच मिनिटांत होतो आणि त्याला हजारोंची उपकरणं लागत नाहीत.

सपाटी हाताने कशी मिळवतात हे मात्र मामांना काम करताना पाहिल्यावर कळलं. त्यांनी आपली एक मीटरची बिडाची सरळपट्टी आणली, तिच्यावर निळ्या रंगाचा पुसट हात फिरवला आणि ती बैठकीवर अलगद घासली. उंच ठिकाणी निळे ठिपके उठले. एका बांधाच्या कोपऱ्याजवळ आणि दोन बुडबुड्यांच्या कडांना उंचवटे होते. ते त्यांनी स्क्रेपरने, दाढी करावी इतक्या हलक्या हाताने खरवडले. इपॉक्सी छान खरवडलं जातं. चिवट एमएसपेक्षा पुष्कळ सोपं. मी विचारलं, "मामा, पण ही पट्टी सरळ आहे हे कशावरून?" त्यांनी घरी अशा तीन पट्ट्या ठेवल्या आहेत. पहिली दुसरीशी जुळते, दुसरी तिसरीशी, आणि तिसरी परत पहिलीशी. दोनच असत्या तर एक फुगीर आणि एक खोलगट असूनही त्या जुळल्या असत्या. तिघी जुळायच्या तर तिघी सरळच असाव्या लागतात. जोसेफ व्हिटवर्थने तीन प्लेटची ही रीत १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनसमोर मांडली होती. मामांना ते नाव ठाऊक नव्हतं. रीत त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवली होती.

रेल बसवताना

भोकं इपॉक्सी घट्ट झाल्यावर, आरपार ड्रिल मारून खालच्या पोलादात आटे पाडले. प्रत्येक भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने कड मारली. टॅप मारताना भोकाभोवती जो बारीक उंचवटा येतो, तो काढला नाही तर सगळी मेहनत त्या वीस उंचवट्यांवर टेकते.

डावी रेल मुख्य धरली. बोल्ट हाताने लावून ठेवले, सरळपट्टी शेजारी मांडली, गाडीवर लिव्हर डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं उपकरण) बसवला आणि रेल बाजूने सरळ आणत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकेक बोल्ट आवळला. दुसऱ्या रेलसाठी मुख्य रेलच्या गाड्यांवर एक पट्टी आडवी बसवून तिच्या टोकाचा डायल उजव्या रेलच्या कडेला टेकवला. मग तीही तशीच आवळली. १५ मायक्रॉनच्या आत समांतरपणा आला.

एम-५ बोल्टला पोलादावर ८.८ आणि ॲल्युमिनियमवर ४.४ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) सांगितलेला आहे. खालचे आटे पोलादात असले तरी मधे इपॉक्सी आहे, म्हणून आम्ही साडेचारवर थांबलो. तेवढ्या जोराने ८ मिमीचा थर सुमारे १० मायक्रॉन दबतो. सगळीकडे सारखा दबला तर त्याने काही बिघडत नाही, म्हणून टॉर्क रेंच वापरलाच पाहिजे. अंदाजाने आवळलेले बोल्ट इथे बैठकीत खड्डे पाडतात.

गँट्री ठेवली आणि ताणकाटा लावला. पूर्ण लांबीत जोराचा फरक दहा टक्क्यांच्या आत. ७०० मिमीची ती जागा आता शोधूनही सापडत नव्हती.

साध्या खोलीत घट्ट झालेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, म्हणून पुढच्या उन्हाळ्याची मला धास्ती होती. मार्चमध्येच पत्र्याखाली फोमची शीट मारून घेतली. मे महिन्यात, सकाळी सात वाजता, तोच ठोकळा आणि तीच लेव्हल घेऊन पुन्हा सहा पावलं टाकली. डाव्या बैठकीत एका ठिकाणी ४ मायक्रॉनचा बदल होता, बाकी वाचनं जशीच्या तशी. उजवीकडे क्रॉस पाइपच्या जागेपाशी ९ मायक्रॉनचा बदल आला. तो इपॉक्सीचा नाही, न केलेल्या स्ट्रेस रिलीव्हचा आहे असं मामांचं म्हणणं आहे आणि मलाही तेच पटतं. त्या भागातले सहा बोल्ट सैल करून, डायल लावून, परत साडेचारला आवळले. त्याच आठवड्यात पहिली मोठी मॅचप्लेट निघाली. दोन्ही बाजूंचा मिसमॅच ०.०६ मिमी. फाउंड्रीने ०.२ पर्यंत चालवून घेतलं असतं.